न वाजलेली घंटी

मी घंटी बोलतेय. देवळातली नव्हे, शाळा सुटल्याची नव्हे आणि सायकलचीही नव्हे. वक्तृत्व स्पर्धेत वेळ सांगणाऱ्या सरांसमोर टेबलावर बसलेली असते ना, पितळेची, पालथ्या वाटीएवढी, डोक्यावर बटण असलेली, ती मी. बटण दाबलं की टिंग. बोलणाऱ्याला गप्प करणं हाच माझा धंदा. आज मी स्वतःच बोलायला बसले आहे आणि मला गप्प करायला इथं दुसरी घंटी नाही. तेव्हा पाहुण्यांनी, परीक्षकांनी आणि विशेषतः संस्थेच्या सचिवांनी नीट ऐकून घ्यावं.

माझा जन्म कुठला, ते मला धड ठाऊक नाही. उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यात मला ठोकलं, घासलं आणि भुशाच्या पेटीत घालून इकडं धाडलं. डोळे उघडले ते गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानात, कुलपं, कड्या आणि बिजागऱ्यांच्या शेजारी. तिथं मी बरेच दिवस धूळ खात पडले होते. येणारी पोरं उगाच टिंग करून जायची आणि दुकानदार त्यांना हाकलायचा.

एक दिवस तात्यासाहेब आले. जवळच्याच गल्लीत त्यांनी शाळा काढली होती आणि मुख्याध्यापकही तेच होते. कडीकोयंडा घ्यायला आले होते, पण मला पाहून थबकले. दुकानदार म्हणाला, "ये घंटी नई साब, हुकुम है. दबाव, आदमी हाजिर." तात्यासाहेब हसले आणि मला घेऊन निघाले. हुकूम गाजवायची त्यांना हौस होती, हे कोणीही सांगेल.

शाळेत माझं काम सोपं होतं. मी वाजले की दाराबाहेरच्या लाकडी स्टुलावरून कडुबा उठायचा आणि आत यायचा. कडुबा शाळेचा शिपाई. तेव्हा मिसरूड फुटलेला होता, आता डोक्यावर काळा केस शोधावा लागतो. दिवसातून किती वेळा मी त्याला त्या स्टुलावरून उठवलं असेल, त्याची गणती नाही. तो कधी वैतागला नाही, पण एकदा माझ्याकडं बघून पुटपुटला होता, "हिला वाजायला काय जातंय, उठावं मला लागतं." ते मी विसरले नाही.

मग विजेची घंटी आली. भिंतीवर बटण, बाहेर चिमणीसारखा किलबिलाट. मी निकामी झाले. पण त्याच वर्षी तात्यासाहेबांनी आपल्या आईच्या नावानं हायस्कूलच्या मुलांसाठी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा सुरू केली. केसरबाई स्मृती करंडक. केसरबाई म्हणे गावात कोणालाही तोंडावर सुनवायच्या. पाटील असो की तलाठी, त्यांच्यासमोर सगळे सारखे. असल्या बाईच्या नावाची स्पर्धा, म्हणजे तिथं वेळेचा नियमही सगळ्यांना सारखाच हवा. तात्यासाहेबांनी मला कपाटातून काढलं, चिंचेनं घासलं आणि स्पर्धेच्या टेबलावर ठेवलं.

नियम साधा होता. चार मिनिटं झाली की पहिली टिंग, म्हणजे आवरतं घ्या. पाच झाली की दुसरी, म्हणजे थांबा. छापील नियमावलीत लिहिलेलं होतं, 'दुसरी घंटी झाल्यावर बोलत राहिल्यास गुण कापले जातील.'

तुम्हाला वाटत असेल, पोरांची भाषणं तोडताना मला मजा येत असेल. नाही. पण एक सांगते, तेव्हा मला लाजही वाटत नव्हती. कारण तात्यासाहेबांच्या काळात मी सगळ्यांवर वाजायचे. एकदा बक्षीस वाटायला एक आमदार आले होते. त्यांनी शिक्षणावरून रस्त्यावर, रस्त्यावरून धरणावर आणि धरणावरून स्वतःवर यायला सुरुवात केली, तसे तात्यासाहेब उठले, टेबलापाशी आले आणि टिंग. आमदार चपापले. तात्यासाहेब हात जोडून म्हणाले, "साहेब, वेळ झाली. पोरं लांबून आलीत, कन्नडची गाडी चुकेल त्यांची." सगळं सभागृह हसलं, आमदारही हसले आणि खाली बसले. त्या दिवशी मला वाटलं, गुलमंडीवरच्या त्या दुकानदारानं खोटं सांगितलं नव्हतं.

तात्यासाहेब गेले आणि सगळं बदललं. नवी मंडळी आली, सचिव आले, स्पर्धेला प्रायोजक आले. बॅनर मोठा झाला, त्यावर शहराचं नवं नाव आलं. विषय मात्र जुनेच राहिले. मोबाईल: शाप की वरदान. विज्ञान: शाप की वरदान. आणि मुलांची पाच मिनिटं झाली की टिंग, पाहुणे मात्र पाऊण पाऊण तास. पाहुणे बोलायला उठले की सचिव मला उचलून टेबलक्लॉथखाली सरकवायचे, चुकून कोणाचा हात लागायला नको म्हणून. मी त्या अंधारात बसायचे आणि ऐकायचे. 'मी फार वेळ घेणार नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं तरी मला गंज चढतो.

लहानांवर वाजायचं आणि मोठ्यांपुढं लपायचं. हे कसलं वेळ पाळणं? याला आमच्याकडं दुसरा शब्द आहे, पण मी शाळेतली घंटी आहे म्हणून तो वापरत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकायची. ही मुलं स्वतःचं काही बोलतच नव्हती. भाषण सर लिहून देतात, मुलं पाठ करतात. ही आपल्याकडची जुनी रीत, कोणाला तिच्यात वावगं वाटत नाही. आता तर सिडकोत त्याचे वर्ग निघाले होते. अतुल सर हे त्यातलं मोठं नाव. गोरेपान, गोड आवाजाचे, जाकीट घालणारे. विषय सांगा, भाषण तयार. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, 'शाप' म्हणताना डाव्या हाताची मूठ आवळायची आणि 'वरदान' म्हणताना उजवा हात आभाळाकडं न्यायचा, हे सगळं त्यात आलं. मूठ, आभाळ, मूठ, आभाळ. वर्षानुवर्षं मी तेच बघत होते.

आता त्या दिवसाचं सांगते, ज्याच्यासाठी मी तोंड उघडलं आहे.

त्या वर्षीचे प्रायोजक एक मोठे उद्योजक होते, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा कारखाना. तेच प्रमुख पाहुणे. विषयही त्यांच्या पसंतीचा, 'औद्योगिकीकरण: शाप की वरदान'. वेळ सांगायला नेहमीप्रमाणे रामकिसन सर होते. हे आमचे चित्रकलेचे शिक्षक. कोणाच्या अध्यात ना मध्यात. टेबलाच्या एका बाजूला मोबाईलवर वेळ लावायची आणि मला दाबायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं असायचं.

पहिल्या रांगेत स्पर्धक बसले होते. त्यांत शहरातला ऋतुराज होता, अतुल सरांचा लाडका विद्यार्थी. त्याच्या शेजारी शेंद्रा गावातली नववीतली संस्कृती. तिच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी तिला हौसेनं स्पर्धेत उतरवलं होतं आणि भाषण कोणाकडून तरी मोबाईलवर मागवून दिलं होतं. मागच्या भिंतीशी, दाराजवळ, तिची आई आशाबाई उभी होती. खुर्च्या भरल्या होत्या हे खरं, पण नसत्या भरल्या तरी ती बसली असती की नाही, मला शंका आहे. दोन्ही पायांवर आळीपाळीनं भार देत उभं राहायची तिला सवय दिसत होती. दुपारच्या पाळीला तिला कंपनीत जायचं होतं आणि त्याआधी लेकीचं भाषण ऐकायचं होतं.

ऋतुराजचं नाव पुकारलं. तो उठला, माईकपुढं गेला, सगळ्यांना नमस्कार केला आणि एका शेरानं सुरुवात केली. आवाज खणखणीत. मी टेबलावरून पहिल्या रांगेकडं पाहिलं आणि चमकले. तो बोलत होता आणि ओठ संस्कृतीचे हलत होते. शब्द न् शब्द. त्यानं डावी मूठ आवळली, तर हिच्या मांडीवरच्या डाव्या हाताची बोटं आपोआप मिटली. त्याचा उजवा हात वर गेला आणि हिचा उजवा हात ओढणीआड थोडा वर झाला.

भाषण एकच होतं. अतुल सरांनी तेच दोघांना दिलं होतं. त्यांना वाटलं असणार, शेंद्र्याची पोरगी ग्रामीण गटाच्या पहिल्याच फेरीत गळून जाईल, अंतिम फेरीला ती कुठली येतेय. ती आली होती. आणि चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमात ती नेमकी ऋतुराजच्या मागोमाग आली होती.

मध्येच ऋतुराज अडला. पाठ केलेलं भाषण एकदा अडलं की अडलं. त्यानं घाबरून खाली पाहिलं आणि त्याची नजर संस्कृतीच्या ओठांवर गेली. ते पुढं गेले होते. त्यानं तिथून शब्द उचलला आणि भाषण सुखरूप पार पाडलं. हे रामकिसन सरांनी पाहिलं नाही, परीक्षकांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. टाळ्या कडकडून झाल्या. मागं बसलेल्या अतुल सरांनी मान डोलावली.

पुढचं नाव संस्कृतीचं. तिनं मागं वळून आपल्या बाईंकडं पाहिलं. त्यांनी हातानंच खूण केली, जाऊ दे, नको. नाव मागं घेणं सोपं होतं. पोटात दुखतंय म्हटलं असतं तरी कोणी काही विचारलं नसतं. पोरगी उठली, माईकपर्यंत गेली आणि उभी राहिली. रामकिसन सरांनी वेळ सुरू केली. ती बोलेना. सभागृहात कुजबूज सुरू झाली. एक पूर्ण मिनिट तसंच गेलं.

मग ती म्हणाली, "मला दिलेलं भाषण आत्ताच होऊन गेलं. त्यामुळं आता माझ्याजवळ भाषण नाय."

काहीजण हसले. ऋतुराजची मान खाली गेली. अतुल सर मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागले.

"तर मी माझ्या आईचं सांगते," ती म्हणाली. "आई शेंद्र्याला एका कंपनीत पॅकिंगला हाय. कंपनीचं नाव सांगत नाय, कारण आईला आज पण जायचंय."

पाहुण्यांनी खुर्चीत जरा हालचाल केली. पोरगी बोलत राहिली. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, पण ती बोलत राहिली. तिनं सांगितलं, कंपन्या यायच्या आधी आई लोकांच्या वावरात खुरपायला जायची, तेव्हा दिवसभर वाकलेली असायची. आता कंपनीत दिवसभर उभी असते. पगार दर महिन्याला येतो, घरात पंखा आला, हिचं शिक्षण त्याच्यावर चाललंय. आणि रात्री आईचे पाय सुजलेले असतात, ते हीच दाबते. मग तिनं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं आणि म्हणाली, "भाषणासंगं लिहून आलंय, शाप म्हणताना हा हात आणि वरदान म्हणताना हा हात. पण पगार पण आईचाच, पाय पण आईचेच. मी कोणता हात वर करू?"

इतक्या वर्षांत पोरं त्या टेबलासमोर ओरडली, रडली, विसरली, पण कोणी परीक्षकांना असा प्रश्न विचारला नव्हता. रामकिसन सरांनी मला दाबलं, पहिली टिंग झाली. मी वाजले, तो नियम होता.

ती पटपट बोलू लागली. कंपनीतल्या बायांनी बसायला स्टूल मागितलं होतं. साहेबांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि कोणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा, असं सांगितलं. कोणी उठेना. शेवटी आशाबाई बोलायला पुढं झाली. जन्मात पहिल्यांदा ती चार माणसांसमोर बोलत होती. तिनं वाक्य सुरू केलं, ते निम्म्यावर आलं आणि भोंगा वाजला. सगळ्या बाया लाईनीवर पळाल्या. उशीर झाला तर अर्धा दिवस धरतात, म्हणून आईही पळाली.

"तिचं वाक्य अर्धंच राहिलं," संस्कृती म्हणाली. "नंतर तिला कुणी विचारलंच नाय, की बाई, तुमचं काय म्हणणं होतं. घरी येऊन तिनं ते मला पुरं करून सांगितलं. ते वाक्य असं हाय..."

आणि पाच मिनिटं झाली.

रामकिसन सरांचं बोट माझ्या डोक्यावर आलं. मी पाहिलं ते बोट. मी पाहिलं, पोरीनंही ते पाहिलं. ती थांबली. स्पर्धेच्या पोरांना तशी सवयच लागलेली असते, बोट दिसलं की ती स्वतःच वाक्य तोडतात. मागं दाराशी आशाबाईनं भिंतीचा आधार घेतला होता. एक वाक्य एकदा भोंग्यानं खाल्लं होतं, आता दुसऱ्यांदा मी खाणार होते. सरांनी बटण दाबलं.

मी वाजले नाही.

आता जाणकार म्हणतील, स्प्रिंग गंजली होती. आतला ठोका अडकला होता. पावसाळ्यात दमट कपाटात ठेवल्यावर असं होतंच. म्हणोत. तीच स्प्रिंग एका मिनिटापूर्वी ठणठणीत होती, याचा जाब त्यांनी द्यावा. सरांनी पुन्हा दाबलं. मी दात आवळून बसले. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं बोट टेकवलं आणि काढून घेतलं.

संस्कृती टिंगची वाट बघत होती. टिंग आली नाही. तिनं श्वास घेतला आणि थेट मागं, आईकडं बघत म्हणाली, "साहेब, उभं राहून काम करायला आमी कधीच नाय म्हणलो नाय. पण बसायला स्टूल मागितलं, तर तुमची खुर्ची मागितल्यागत कामून वाटतं तुमाला?"

ती नमस्कार करून खाली उतरली. कोणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेत उद्योजक बसलेले, आधी टाळी वाजवायची कोणी? तेवढ्यात दारातून कडुबा आत आला. दोन्ही हातांत त्याचं ते लाकडी स्टूल होतं, ज्यावरून मी त्याला वर्षानुवर्षं उठवलं होतं. तो आशाबाईला म्हणाला, "बाई, बसा. माझंच हाय." मागं दाटी होती म्हणून त्यानं ते पुढं आणून आमच्या टेबलाजवळ मांडलं. आशाबाई संकोचून येऊन बसली, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. त्या बराच वेळ चालल्या. मी पितळेची असूनही मला भरून आलं, हे मी लपवत नाही.

लगेच अतुल सर उठले. मुलीनं वेळ ओलांडली, गुण कापायला हवेत, नियम म्हणजे नियम. स्वतःचं भाषण दोन ठिकाणी विकलं गेल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. सचिवांनी रामकिसन सरांकडं पाहिलं. अध्यात ना मध्यात असलेला हा माणूस सावकाश उठला आणि त्यानं नियमावली वाचून दाखवली. "दुसरी घंटी झाल्यावर बोलत राहिल्यास, असं लिहिलंय. दुसरी घंटी झालेली नाही." आणि बसला. बास, एवढंच. परीक्षकांना ते मान्य करावं लागलं.

निकाल ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण मी गोड करून सांगणार नाही. करंडक ऋतुराजला मिळाला. संस्कृतीला उत्तेजनार्थ. भाषेत ग्रामीण वळण आहे आणि हातवारे नाहीत, असं एका परीक्षकांनी लिहिलं होतं. ज्या ओठांवरून शब्द उचलून पहिला नंबर आला, ते ओठ उत्तेजनार्थ. पोरानं मात्र मन मोठं केलं. टेबलाजवळ येऊन त्यानं तिला हळूच विचारलं, "तुलापण तेच दिलं होतं?" ती म्हणाली, "व्हय." तो म्हणाला, "मी अडकलो तेव्हा तूच मला वाचवलं." तिला ते कळलं नाही, तो काही समजावत बसला नाही.

बक्षीसवाटपाआधी पाहुण्यांचं भाषण होतं. सचिव मला टेबलक्लॉथखाली सरकवायला आले, पण टेबलाला लागून आशाबाई बसलेली. बाईमाणसाला उठवायचं कसं, म्हणून ते परत गेले. उद्योजक उठले आणि म्हणाले, "मी फार वेळ घेणार नाही."

मग त्यांनी घेतला. उद्योगामुळं महिला कशा स्वावलंबी झाल्या, हे सांगितलं. त्यांच्या कारखान्यात महिलांना कुटुंबाप्रमाणं वागवतात, हे सांगितलं. परदेशातल्या एका कारखान्यात त्यांनी पाहिलेली शिस्त सांगितली. मुलीच्या भावना आपण समजू शकतो, पण मुलांनी या वयात अभ्यासाकडं लक्ष द्यावं, हे तर फारच विस्तारानं सांगितलं. आशाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. कंपनीची बस चिकलठाण्याच्या नाक्यावरून सुटणार होती. बस गेली तर खाडा. आणि बक्षीस अजून वाटलेलं नव्हतं. लेकीला कागद हातात घेताना पाहायचं की बस गाठायची, या पेचात ती पदराचं टोक पिळत बसली होती.

शेवटी तिनं माझ्याकडं बोट करून रामकिसन सरांना हळूच विचारलं, "ही कशाची हाय?"

"वेळ संपल्याची," सर म्हणाले.

"मग यांचा नाय का संपला?"

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग पाहुण्यांकडं. मग त्यांनी एक काम केलं, ज्यासाठी त्यांना पुढं लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांनी मला दोन बोटांनी ढकलत ढकलत आशाबाईच्या पुढ्यात आणून ठेवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले.

आशाबाईचा हात वर आला. खोकी बांधून बांधून राकट झालेला हात, त्यावर चिकटपट्टीनं कापल्याच्या बारीक रेघा. क्षणभर तो माझ्यावर थांबला. ही बाई आजवर दुसऱ्याच्या भोंग्यावर उठली होती, पळाली होती, जेवली होती. घंटी दुसऱ्याच्या हातात असते, एवढंच तिला ठाऊक होतं. त्या हाताचा धाक मला कळत होता आणि मी मनात म्हणत होते, दाब बाई, दाब, आज मी दगा देणार नाही.

तिनं दाबलं.

टिंग! असा आवाज मी जन्मात काढला नव्हता. गुलमंडीवर नाही, आमदारांच्या वेळी नाही, कधीच नाही. माईकनं तो पकडला आणि सगळ्या भिंतींवरून फिरवून आणला. उद्योजक 'महिला सक्षमीकरणाचा खरा अर्थ' इथवर आले होते. त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. अर्धं वाक्य तोंडात असताना माणूस कसा दिसतो, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. मागं कोणीतरी पोरगं खुदकन हसलं, मग सगळी पोरं हसली. उद्योजकांनी पाण्याचा घोट घेतला, "वेळ झाली वाटतं," म्हणाले आणि बसले. आभाळ कोसळलं नाही.

बक्षिसं झाली. संस्कृतीनं कागद घेतला, आशाबाईनं तो उभ्याउभ्या पाहिला, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि ती बस गाठायला निघाली. जाताना तिनं स्टूल उचलून कडुबाच्या दाराशी नेऊन ठेवलं.

त्यानंतर माझी शोभा झालीच. वाजायचं तेव्हा वाजत नाही, नको तेव्हा वाजते, अशी घंटी काय कामाची, असं सचिवांनी बैठकीत मांडलं. आता लाल आकड्यांचं एक यंत्र आणलंय. वेळ संपली की ते किंचाळतं आणि माईकही बंद करतं. मुलांचाच बरं का. पाहुणे उठले की त्याची वायर काढून ठेवतात. मला भंगारात द्यायचं ठरलं होतं, पण रामकिसन सरांनी चित्रकलेच्या वर्गासाठी मागून घेतलं. आता मी तिथं असते. स्थिरचित्राला एक फडकं, दोन वांगी, एक तांब्या आणि मी. मुलं माझं चित्र काढतात. कोणी मला वाटी काढतं, कोणी टोपी.

संस्कृती मध्यंतरी येऊन गेली, यंदाच्या स्पर्धेचं नाव द्यायला. भाषण कोणाचं, असं सरांनी विचारलं, तर म्हणाली, माझंच. आईला काही दिवस दुसऱ्या लाईनीवर टाकलं होतं, तिकडं काम जड होतं. आईनं तेही केलं आणि कंपनीच्या प्रत्येक बैठकीत तेच वाक्य पुन्हा पुन्हा, पुरं म्हटलं. बाकीच्या बायांनाही ते पाठ झालं. आता लाईनीवर दोन स्टुलं आली आहेत. बाया पाळीपाळीनं बसतात. दोन पुरत नाहीत, म्हणून बोलणं चालूच आहे.

जाताना तिनं फडक्यावरच्या वांग्यांआडून मला शोधलं आणि दाबून पाहिलं. मी वाजले नाही. ती हसली, तिला बरोबर समजलं.

मी बिघडलेली नाही, हे सचिवांना कळवा. स्प्रिंगला तेल घालू नका, ठोका सरळ करू नका. लांबून गाड्या बदलत आलेल्या पोराचं बोलणं तोडायला मला पुन्हा टेबलावर ठेवलंत, तर मी अशीच बसेन, दगडासारखी. पण पाहुणे उठले, आणि 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणाले, तर आशाबाईला बोलवा. मी तयार आहे.